आपल्यापुरते शुद्ध पाणी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, चिटणीस अहवाल वाचतात आणि मग एखाद्या विद्वान गृहस्थाचे व्याख्यान होते. यंदा विद्वानाच्या जागी आम्हांस उभे केले आहे. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले प्राथमिक शिक्षक. वैद्यकाची अगर अभियांत्रिकीची पदवी आमच्या नावापुढे नाही. तथापि पाण्याच्या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांस आहे असे वाटते. तो अधिकार पुस्तकातून आलेला नाही. कशातून आला, ते ओघाने सांगू.

कार्यकारिणीपुढे सध्या एक सूचना विचारार्थ आहे. मंडळाच्या सभागृहात पाणी शुद्ध करण्याचे मोठे यंत्र बसवावे आणि सभासद कुटुंबांस कार्डावर रोज वीस लिटर पाणी द्यावे, अशी ती सूचना. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही ही सूचना स्वीकारू नये, तोच पैसा दुसरीकडे लावावा, असे आमचे नम्र मत आहे. त्याची कारणे आज आपणांपुढे मांडावयाची आहेत.

आपले कराड पाण्याच्या बाबतीत भाग्यवान गाव आहे. कृष्णा आणि कोयना या दोघी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, वेगवेगळ्या वाटांनी उतरतात आणि आपल्या गावी समोरासमोर येऊन एकमेकींस भेटतात. त्या संगमास आपण प्रीतिसंगम म्हणतो. कोटातील नकट्या रावळाच्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना प्रत्येक कराडकराच्या मनात येत असेल की, दोन नद्या उशाशी असताना पूर्वजांनी एवढी खोल विहीर का बांधली? आमच्या अल्पमतीप्रमाणे त्याचे उत्तर असे की, नदीकाठी राहणाऱ्यासही भरवशाचे पाणी हवे असते. पाणी असणे ही एक गोष्ट, आणि ते निर्धास्तपणे पिता येणे ही अगदी दुसरी गोष्ट होय.

नदीचे पाणी आज पूर्वीचे राहिलेले नाही. गावांचे सांडपाणी, कारखान्यांची मळी आणि उसाच्या शेतांतील खतांचा निचरा हे सारे तिच्या वाट्यास येते. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली येथे कृष्णेत हजारो मासे मरून तरंगले, ते आपण वर्तमानपत्रांत पाहिलेच. आपण कराडास जे नदीत सोडतो ते खाली सांगलीकडे जाते, आणि वाई-सातारा जे सोडतो ते आपल्याकडे येते. नदीकाठी प्रत्येक गाव कोणाचे तरी वरचे आणि कोणाचे तरी खालचे असते.

असे असूनही नदीचे पाणी पिण्याजोगे करता येते. तुरटी घालून गाळ बसवावयाचा, वाळूच्या थरांतून पाणी गाळावयाचे आणि शेवटी क्लोरीन द्यावयाचे, ही रीत साऱ्या जगात आहे. तिचे सामर्थ्य केवढे, हे १८९२ साली जर्मनीत दिसले. हँबुर्ग शहर एल्ब नदीचे पाणी न गाळताच पीत होते. त्यास लागूनच असलेले आल्टोना गाव नदीच्या खालच्या अंगास, म्हणजे हँबुर्गची घाण मिसळल्यानंतरचे पाणी घेत होते, परंतु ते वाळूतून गाळून घेत होते. पटकीची साथ आली तेव्हा हँबुर्गात सुमारे साडेआठ हजार माणसे मेली आणि आल्टोना जवळजवळ बचावले. काही ठिकाणी एकाच रस्त्याच्या एका बाजूस साथ होती आणि दुसऱ्या बाजूस नव्हती, कारण दोन्ही बाजूंचे नळ निराळ्या गावांचे होते. वाचलेल्या बाजूस घरोघर काही निराळी व्यवस्था नव्हती. त्यांचे गाव सर्वांचे पाणी एकत्र गाळीत होते, एवढेच.

आता कोणी म्हणेल, मग आपल्याकडेही पाणी गाळले जाते, क्लोरीन दिले जाते, तर चिंता कशाची? चिंता आहे ती शुद्धीकरण केंद्र आणि आपला तांब्या यांच्या मधल्या वाटेची. ही वाट नळाची आहे. नळ जमिनीत असतो आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या शेजारीच गटार असते.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. नळ पाण्याने भरलेला आणि दाबाखाली असेल, तर त्यास बारीक छिद्र असले तरी पाणी आतून बाहेर जाते. तेवढे पाणी वाया जाते, पण घाण आत शिरत नाही. नळ रिकामा झाला की उलट घडते. दिवसातून तास-दोन तास पाणी येते आणि उरलेला वेळ नळ कोरडा असतो, तेव्हा त्याच छिद्रातून भोवतीचे सांडपाणी आत झिरपते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर कोणाच्या तरी घागरीत पडते. त्यात कोणी तोटीस मोटार लावून पाणी ओढू लागला, तर ओढ अधिकच वाढते. शाळेत आम्ही मुलांस शरबताच्या नळीचे उदाहरण देत असू. नळीस मध्येच भोक असेल, तर ओढणाऱ्याच्या तोंडी शरबताबरोबर बाहेरचे जे असेल तेही येते.

अशा पाण्यातून येणाऱ्या रोगांत कावीळ ही सर्वांत फसवी. दिल्लीचे उदाहरण वैद्यकाच्या ग्रंथांत प्रसिद्ध आहे. १९५५ च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे घाण पाणी वजिराबाद येथे, जेथून शहराचे पाणी उचलले जाई, तेथवर पोहोचले. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढविले. त्यामुळे पटकी आणि विषमज्वर आवरले, परंतु डिसेंबर व जानेवारी या दोन महिन्यांत सुमारे २९,००० लोकांस कावीळ झाली. पाणी डोळ्यांस स्वच्छ दिसत होते. या काविळीचा विषाणू निराळा होता हे पुढे फार वर्षांनी उमगले. त्यास आज ‘हिपॅटायटिस ई’ म्हणतात. आपल्या शेजारी कोल्हापुरास १९८१ साली अशीच साथ आली. इचलकरंजीस २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीने हजारो घरे हादरली आणि अनेकांचे प्राण गेले. २०२५ च्या आरंभी पुणे परिसरात, विशेषतः सिंहगड रस्त्याच्या भागात, हातपाय लुळे पाडणाऱ्या विकाराचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले, तेव्हाही शोधाचा माग पिण्याच्या पाण्यापर्यंतच गेला.

या काविळीचे एक वैशिष्ट्य असे की, धडधाकट माणूस बहुधा महिनाभरात बरा होतो. परंतु गर्भवती स्त्रीस, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तिने गाठले, तर शंभरांतील वीस-पंचवीस स्त्रिया दगावतात.

आमची धाकटी बहीण अशाच काविळीने गेली. १९८३ चा पावसाळा होता. तिचे सासर एका बाजारपेठेच्या गावी. तिला आठवा महिना लागला होता. त्या गल्लीत त्या महिन्यात घरटी एकाचे तरी डोळे पिवळे झाले होते. आम्ही शिक्षक, घरात शहाणे म्हणून गणले जाणारे. आम्हीच तिला कावीळ उतरविणाऱ्याकडे नेले. त्याने तिचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले, पाणी पिवळे झाले, गळ्यात माळ घातली, आणि माळ गुडघ्यापर्यंत वाढली की कावीळ उतरेल असे सांगितले. आम्ही ती माळ रोज पाहत होतो. आठ दिवस त्यात गेले. नवव्या दिवशी ती बेशुद्ध झाली, तेव्हा इस्पितळात नेली. ती परत आली नाही, मूलही आले नाही. पुढे त्या गल्लीतील गटार उकरले तेव्हा घरांत जाणारे नळ गटाराच्या तळातूनच गेलेले आढळले. एकाचा सांधा गंजून उघडा पडला होता. त्या वेळी आम्ही सर्वांनी ‘तिचे आयुष्य तेवढेच’ असे म्हटले. आज तसे म्हणवत नाही.

हे सांगणे कठीण होते, पण पुढचे सांगणे त्याहून कठीण आहे. ही हानी सोसलेल्या माणसाने तरी पाण्याच्या बाबतीत जागरूक असावयास हवे होते. परंतु पुढे बारा-चौदा वर्षांनी आम्ही येथे स्वतःचे घर बांधले, वरच्या मजल्यावर टाकी ठेविली आणि पाणी जोराने येत नाही म्हणून तोटीलाच मोटार जोडली. गल्लीत आणखी चौघांनी जोडली होती, तेव्हा आपण केले तर काय बिघडले, असे मनाचे समाधान करून घेतले. गल्लीच्या शेवटी उताराला एक वृद्ध बाई नातवासह राहत असत. आपल्या ज्ञातीच्या नव्हेत. त्या एके दिवशी दारात येऊन म्हणाल्या, “गुरुजी, तुमची मोटार चालू झाली की आमच्या नळाला आधी हवा येते, मग काळं पाणी येतं.” आम्ही ‘बघतो’ म्हणालो. पाहिले मात्र काहीच नाही. दोन महिन्यांनी त्यांच्या नातवास कावीळ झाली. पोरगा आमच्याच शाळेत, आमच्याच वर्गात होता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे सलग तीन आठवडे गैरहजेरी मांडताना आमचा हात थरथरत होता. ईश्वरकृपेने तो बरा झाला. मोटार आम्ही त्याच आठवड्यात काढली, पण ती काढण्यास एक मूल आजारी पडावे लागले, हे आम्ही विसरलो नाही.

यास्तव आता मूळ सूचनेकडे वळू.

सभागृहात यंत्र बसविले आणि आपल्या घरी वीस लिटर पाणी नेले, म्हणजे प्रश्न सुटला काय? आपली मुले शाळेत कोणते पाणी पितात? हातगाडीवरच्या उसाच्या रसातील बर्फ कोणत्या पाण्याचा असतो? आपल्या घरी भांडी घासणारी बाई, दूध घालणारा गवळी, भाजीवाला हे सारे त्याच गावच्या नळाचे पाणी पितात, त्याच पाण्याने हात धुतात. कावीळ कार्ड पाहून दार ठोठावीत नाही. लग्नकार्यात आपण थंड पाण्याचे जार मागवितो, पण थंड पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे, याचा विचार किती यजमान करतात?

शिवाय आर.ओ. यंत्राविषयीही आपल्या समजुतीत गोंधळ आहे. हे यंत्र मुख्यतः क्षार काढण्यासाठी आहे. जेथे पाणी खारट आहे अगर बोअरच्या पाण्यात नायट्रेट, फ्लोराइड असे पदार्थ मर्यादेबाहेर आहेत, तेथे त्याचा खरा उपयोग. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि नायट्रेट ४५ च्या वर नसावे. डोंगरातील पावसावर भरणाऱ्या नदीच्या पाण्यास क्षारांचा दोष सहसा नसतो. दोष असतो तो जंतूंचा. ५०० हून कमी क्षार असलेल्या ठिकाणी अशी यंत्रे वापरू नयेत, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली बजावले होते, कारण या यंत्रात शुद्ध पाण्याहून अधिक पाणी वाया जाऊ शकते. उसाच्या पट्ट्यातील खेड्यांत ज्या सभासदांच्या घरी बोअरचे पाणी पितात, त्यांनी मात्र ते प्रयोगशाळेत अवश्य तपासून घ्यावे. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही आणि उकळून ते जात नाही. तान्ह्या मुलांस ते विशेष बाधते.

आता एक नाजूक गोष्ट. हे ज्ञातिमंडळ आहे, म्हणूनच ती येथे बोलली पाहिजे. आपल्या समाजात पाण्याचे सोवळे-ओवळे शेकडो वर्षे पाळले गेले. कोणाच्या स्पर्शाने पाणी बाटते, याचे बारीक नियम आपल्या वडीलधाऱ्यांस तोंडपाठ होते. परंतु गटाराचे पाणी विहिरीत झिरपते, याचा नियम कोणी केला नाही. जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. ज्याने खरोखर बाटते, त्या घाणीकडे आपण पाठ फिरविली होती. आज कार्डावर ज्ञातीपुरते पाणी वाटू लागलो, तर उद्देश कितीही चांगला असो, जुना पाणवठाच नव्या यंत्राने पुन्हा उभारल्यासारखे होईल. नव्या पिढीपुढे तो कित्ता आपण ठेवू नये.

मग करावे काय? मार्ग दूर शोधावयास नको. कोयनेपलीकडे मलकापूर आहे. २००८-०९ च्या सुमारास, नगरपंचायत नुकतीच झालेली असताना, तेथे चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू झाली आणि प्रत्येक नळास मीटर बसविण्यात आला. देशभरातून लोक ती पाहण्यास आले. चोवीस तास पाणी म्हणजे चैन, उधळपट्टी, असे अनेकांस वाटते. वस्तुतः त्यातील आरोग्याचा लाभ असा की, नळ सदैव भरलेला राहिला तर बाहेरचे आत शिरत नाही, मोटारीची गरज राहत नाही आणि साठवणही करावी लागत नाही. मीटर असल्यामुळे पाणी उधळणाऱ्याच्या खिशास चाट बसते. लहान गावास हे साधत नाही, ही समजूत आपल्याच शेजाऱ्यांनी खोटी ठरविली.

मंडळाने यंत्रासाठी राखून ठेवावयाच्या रकमेतून पुढील गोष्टी कराव्यात, अशी आमची सूचना आहे.

पहिली गोष्ट, आपल्या सभासदांच्या घरी मुख्य नळावर जोडलेल्या मोटारी असतील, तर त्या पुढील मेळाव्यापूर्वी काढाव्यात. पाणी जमिनीखालच्या हौदात आपल्या गतीने पडू द्यावे आणि तेथून मोटारीने वर चढवावे. त्या हौदाचे झाकण घट्ट असावे, तो गटारापासून दूर असावा आणि वर्षातून निदान दोनदा धुवावा.

दुसरी गोष्ट, मुख्य नळापासून घरात येणारा आपला नळजोड गटारातून जातो काय, हे प्रत्येकाने स्वतः पाहावे. जात असेल तर रीतसर अर्ज करून वाट बदलावी. ज्यांस हा खर्च झेपत नाही, त्यांस मंडळाने साह्य करावे. आणि त्याच गल्लीतील परज्ञातीच्या गरीब घरासही तेच साह्य द्यावे. त्यांचा फुटका सांधा आपल्याच नळावर आहे.

तिसरी गोष्ट, मंडळाने पाण्यातील क्लोरीन पाहण्याच्या दहा-बारा लहान पेट्या आणाव्यात. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की पिवळी छटा येते. नळाच्या शेवटच्या टोकासही क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावे, असा दंडक आहे. छटा आली नाही, तर पाण्याला वाटेत काहीतरी भेटले असे समजावे. हे काम आठवीतील मुलगा सहज करू शकतो. तारीख, वेळ, गल्ली आणि छटा वहीत लिहावी आणि ती वही नगरपालिकेत नेऊन दाखवावी. पुराव्याची वही हाती असली की तक्रारीस वजन येते आणि काम करणाऱ्या कर्मचाऱ्यासही दोष नेमका कोठे आहे ते कळते. खेड्यातील सभासदांनी आपल्या ग्रामपंचायतीस पाण्याबद्दल लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले आहे, हे ग्रामसभेत विचारावे.

चौथी गोष्ट घरातील माताभगिनींसाठी, आणि त्याहून अधिक घरातील पुरुषांसाठी. पहिली धार पिण्यास भरू नये. पुरानंतर, नळ दुरुस्तीनंतर, पाणी गढूळ अगर वासाचे आले असता, आणि घरात गर्भवती असेल तर पावसाळाभर, पाणी उकळूनच प्यावे. खळखळ उकळी फुटल्यावर आणखी निदान एक मिनिट ते उकळू द्यावे. तुरटीने पाणी निवळते, पण त्यातील जंतू मरत नाहीत. माठात हात बुडवू नये, लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. आणि डोळे पिवळे दिसताच रक्त तपासावे. माळ आणि चुना यांत एक दिवसही घालवू नये, ही आमची हात जोडून विनंती आहे.

वह्या दर तीन महिन्यांनी तपासण्याचे काम मंडळाने दिले, तर आम्ही आनंदाने करू. चाळीस वर्षे वह्याच तपासल्या आहेत. ज्या गल्लीची वही सर्वांत नियमित राहील, तिचा पुढील मेळाव्यात सत्कार करावा आणि त्या दिवशी व्यासपीठावर त्या गल्लीतील सर्व घरांस बोलवावे, मग ती घरे कोणत्याही ज्ञातीची असोत.

उताराला राहणाऱ्या त्या वृद्ध बाई आता हयात नाहीत. त्यांचा नातू आज नोकरीस आहे आणि सणास गावी येतो तेव्हा आमच्याकडे येऊन जातो. आम्ही त्यास पाण्याचा पेला देतो आणि तो निःशंकपणे पितो. तो निःशंकपणा गावातील प्रत्येक पेल्यास लाभावा, एवढीच इच्छा आहे.